एक टणणण आणि तीन स्ट्रीमर

माझ्या वडिलांवरचा पन्नास वर्षांचा एक आरोप खोटा ठरवण्यासाठी मी तीन स्ट्रीमर विकत घेतले. आरोप खोटा ठरला. तरीही मी हे करायला नको होतं.

आरोप असा. दादा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मिलमध्ये होते आणि सुटीच्या दिवशी आमच्या करी रोडच्या चाळीतल्या गायन पार्टीत नखीने तारा छेडत बेंजो वाजवायचे. भीमजयंतीच्या दिवसांत पार्ट्यांचे सामने होत. अशाच एका सामन्यात आमची पार्टी जवळजवळ जिंकली होती. शेवटचं कडवं उरलं होतं. गायकाने हात वर केला, सगळी वाद्यं थांबली, मैदान चिडीचूप झालं. आता गायक खालच्या सुरातून उठणार आणि माणसं उभी राहणार, असा तो क्षण. त्या शांततेत दादांचा बेंजो एकटाच ओरडला.

टणणण!

लोक हसले. परीक्षक हसले. गायकालाही हसू आलं आणि हसत हसत खालचा सूर लागत नाही. बक्षीस वरळीच्या पार्टीला गेलं.

आमच्या पार्टीत ढोलकीवर तानाजी काका होते. ते दादांचे जिवलग मित्र. चाळीत शेजारी आणि चाळीचा टॉवर झाल्यावर सोळाव्या मजल्यावरही शेजारी. पन्नास वर्षं ते रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात आणि दुसऱ्या घोटाला म्हणतात,

"धोंड्या, तुझं बोट घसरलं रे त्या दिवशी."

यावर दादांचं उत्तर ठरलेलं. "टेप आहे. ऐक आणि मग बोल."

टेप खरोखरच होती. पार्टीतल्या कोणाच्या तरी भावाने आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता आणि तो स्टेजवर बेंजोच्या अगदी बाजूला ठेवला होता. अडचण एवढीच, की ती कॅसेट कुठल्याही यंत्रावर लावली तरी कोणीतरी कढईत कांदे टाकल्यासारखा आवाज यायचा. त्या चुरचुरीत मागे कुठेतरी गाणं चालू असायचं. टणणण मात्र स्वच्छ ऐकू यायचं.

हे असंच आणखी पन्नास वर्षं चाललं असतं. पण तानाजी काकांनी महिनाअखेरीस बदलापूरला मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायला लागल्यावर त्यांना एकदम निकडीचं वाटू लागलं.

"धोंड्या, मी जायच्या आधी एकदा कबूल कर. माझं चुकलं म्हण. मी सोडून देतो."

दादा चहात बिस्कीट बुडवून बघत बसले. बिस्कीट तुटून बुडालं तरी बघत होते. मला ते बघवलं नाही.

इथे माझ्याबद्दल थोडी माहिती देणं आवश्यक आहे. मी तीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. लोकांच्या बातम्यांतल्या चुका काढणं हे माझं काम. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी काहीही पुढे सोडलं नाही. 'चुकीची दुरुस्ती' हा पान दोनवरचा छोटा चौकोन माझ्याकडेच होता आणि त्यात माझी स्वतःची चूक एकदाही आली नाही. (हे मी निवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं. टाळ्या कमी पडल्या.) त्या सामन्याविषयी मी आमच्या जयंतीच्या स्मरणिकेत एक लेखही लिहिला होता. लेख तटस्थ होता. 'टणणण कशामुळे झाले याविषयी दुमत आहे. प्रस्तुत लेखक त्या वेळी तापामुळे घरी होता,' असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

तर मी मध्ये पडलो.

"काका, दादांचं बोट घसरलं नाही. मी सिद्ध करतो."

"कसं करणार?"

"टेप साफ ऐकवतो. आता तशी यंत्रं आहेत."

"आणि बोट घसरलेलंच निघालं तर?"

"तर दादा सगळ्यांसमोर म्हणतील, माझं चुकलं."

काकांनी मांडीवर थाप मारली. "आणि नाही निघालं, तर मी म्हणेन. पौर्णिमेला विहारात, माईकवर! बोल धोंड्या, कबूल?"

दादांनी कपातलं बिस्कीट चमच्याने काढलं. "विजू," ते म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?"

मला वाटलं, हा संकोच आहे.

माझा मेहुणा मिलिंद हा संगीतातला जाणकार. म्हणजे तो गाणं ऐकत नाही, आवाज ऐकतो. त्याने एका ओळखीच्याकडून कॅसेटची डिजिटल फाईल करून आणली आणि सोबत स्वतःचा जुना कन्व्हर्टर दिला. काळा, विटेएवढा डबा, पुढे एक लाल दिवा.

"दाजी, फाईलमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. हा आकड्यांचा आवाज करतो. आणि हा एकदम कडक करतो. गायकाने आवंढा गिळला तरी कळेल."

"मग लाव."

"याला फाईल कोण देणार? त्यासाठी स्ट्रीमर लागतो. वेगळा डबा. फोनवरून, नेटवरून गाणं घेणार आणि याच्याकडे सरकवणार."

"लॅपटॉप नाही चालणार?"

मिलिंदने माझ्याकडे शुद्धलेखनाची चूक बघावी तसं बघितलं. "दाजी, लॅपटॉपचा पंखा मागे गातो."

मी रीतसर चौकशी सुरू केली. वही केली. पत्रकारितेत सहा ककार असतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे. प्रत्येक स्ट्रीमरला मी ते सहाही लावले. कोण बनवतो, काय काय वाजवतो, कुठे मिळतो, केव्हा येतो, का घ्यावा, दिसतो कसा. तीन दिवस मी लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, या स्ट्रीमरमुळे माझ्या बायकोचाही आवाज सुधारला. ते मी एकच सूत्र म्हणून सोडून दिलं.

पहिला स्ट्रीमर आला. छान, गुळगुळीत, पांढरा. मी तो मांडला, त्यावर कन्व्हर्टर ठेवला, कन्व्हर्टरचा दिवा लागला, मागच्या तारा स्पीकरला जोडल्या. दादा आणि तानाजी काका सोफ्यावर बसले. फाईल लावली. आणि खरोखर, कांदे निम्म्याने कमी झाले! गाणं पुढे आलं. ढोलकी ऐकू आली. काकांचे डोळे पाणावले.

"हा मी! हा मी बघ!"

मग ती शांतता आली. आणि टणणणच्या अगदी आधी काहीतरी बारीक ऐकू आलं. म्यँव केल्यासारखं.

"हे काय?" काका पुढे सरसावले. "पुन्हा लाव रे, विज्या."

पुन्हा लावलं. म्यँव. टणणण.

"मांजर!" काका म्हणाले. "धोंड्या, स्टेजवर मांजर होतं?"

"होतं," दादा ताबडतोब म्हणाले. "त्या मैदानात फार मांजरं. ते तारांवरून गेलं असणार. झालं ना? विजू, तो डबा परत कर."

दोघांचं जवळजवळ जमलं होतं. पन्नास वर्षांचं भांडण एका मांजरावर मिटत होतं. पण मी डेस्कवरचा माणूस. म्हटलं, "दादा, असं मांजर छापता येत नाही. खात्री करू."

दादांनी माझ्याकडे जे बघितलं, त्याचा अर्थ मला पुढे दहा दिवसांनी कळला.

संध्याकाळी मिलिंद आला. यंत्राभोवती एक फेरी मारली. "कन्व्हर्टर कुठाय?"

"हा काय वर."

"वर ठेवलाय. जोडलाय कुठे?"

तेव्हा असं निष्पन्न झालं, की या स्ट्रीमरच्या पोटात स्वतःचाच एक साधा कन्व्हर्टर होता आणि मागे बाहेरच्या कन्व्हर्टरला आकडे द्यायची सोयच नव्हती. मिलिंदचा डबा दिवसभर नुसता वर बसून होता. (दिवा लागला होता म्हणून मला वाटलं, काम चालू आहे. ऑफिसातही माझा हा गैरसमज बरीच वर्षं टिकला होता.)

"दाजी, असा घ्यायचा की जो स्वतः काही करत नाही. फक्त पुढे ढकलतो."

रंजना, माझी पत्नी, आतून म्हणाली, "मग यांनाच जोड ना."

दुसरा स्ट्रीमर मी त्या बोलीवरच घेतला. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला तीन वेळा विचारलं, "हा स्वतः काही करत नाही ना?" तो म्हणाला, "साहेब, शुद्ध आहे. एकदम काही करत नाही." घरी आणला. खरंच काही करेना! त्याला आकडे बाहेर द्यायला मागे फक्त यूएसबीची खोबण होती. मिलिंदच्या कन्व्हर्टरला आत घ्यायला फक्त एक चौकोनी खोबण, ज्यात प्रकाशाची तार लागते. दोघेही आपापल्या जागी उत्तम. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. माझ्या सहा ककारांत 'कुठल्या खोबणीत' हा सातवा ककार नव्हता.

"परत कर," दादा म्हणाले. "आणि राहू दे आता. मांजर होतं म्हटलं ना."

"दादा, तुमच्या नावाचा प्रश्न आहे."

"माझ्या नावाचं मी बघतो की! ऐंशी झाली. आता कुठे लागतंय नाव?"

तिसरा मात्र मी खोबणीचा फोटो दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरून घेतला. चौकोनी खोबण, प्रकाशाची तार, सगळं जुळलं. रविवारी सकाळी दहाला ऐकायचं ठरलं. काकांचा टेम्पो मंगळवारी होता.

शनिवारी संध्याकाळी प्रकाशाची तार गायब झाली. मी सोफा सरकवला, गाद्या काढल्या. दादा खिडकीशी पेपर वाचत होते. उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. शेवटी ती रंजनाला सापडली: दादांच्या बेंजोच्या पेटीत, कापडात गुंडाळलेली.

"दादा, ही तुमच्या पेटीत कशी?"

"दोरी वाटली मला," दादा म्हणाले. "पेटी बांधायला."

वयोमानाने असं होतं, अशी मी मनाशी नोंद केली. (मी तीस वर्षं लोकांच्या हेतूंवरचे अग्रलेख तपासले आहेत.)

रविवारी सकाळी यंत्र चालू केलं. त्याने वाय-फायशी ओळख करून घेतली आणि मला नाव विचारलं. म्हणजे त्याचं स्वतःचं नाव काय ठेवू, असं. मिलिंद म्हणाला, काहीही टाका. मला 'काहीही' जमत नाही. यंत्र कुठे आहे? हॉलमध्ये. मी नेमकेपणाने नाव दिलं: हॉल.

आता आमच्या वाय-फायबद्दल सांगितलं पाहिजे. चाळीत नळ कॉमन होता, गॅलरी कॉमन होती, कोणाच्या घरात काय शिजतंय ते कॉमन होतं. टॉवरमध्ये आल्यावर प्रत्येकाचं दार आपोआप बंद व्हायला लागलं आणि माणसं कावरीबावरी झाली. मजल्यावर पहिलं इंटरनेट आमच्याकडे आलं. दादा म्हणाले, "पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं." मी तेच वाय-फायला लावलं आणि पासवर्ड कागदावर लिहून लिफ्टशेजारच्या फळ्यावर चिकटवला. स्वच्छ अक्षरात. तेव्हापासून सोळाव्या मजल्यावरची आठही घरं आमच्याच वाय-फायवर आहेत. ही गोष्ट मला इतकी सवयीची झाली होती, की ती मी मिलिंदला सांगितली नव्हती.

दहा वाजता आम्ही पाच जण बसलो. दादा, काका, मिलिंद, रंजना आणि मी. रंजनाने पोहे केले होते. काकांनी पांढरा सदरा घातला होता. दादांनी बनियन बदलायला नकार दिला होता.

मी फाईल लावली. आणि काय सांगू! कांदे गेले. कढई गेली. मैदान आमच्या हॉलमध्ये आलं. ढोलकीवर काकांचं बोट कुठे पडतं ते कळत होतं. दादांचा बेंजो इतका लखलखीत की रंजना पोह्यांची डिश हातात धरून तशीच उभी राहिली. मिलिंदने डोळे मिटले. पहिल्यांदाच तो गाणं ऐकतोय असं वाटलं.

गायकाने शेवटच्या कडव्याआधी हात वर केला असणार. वाद्यं थांबली. शांतता पसरली. काका सोफ्याच्या कडेवर आले.

स्पीकरमधून एक बाई ठणठणीत आवाजात म्हणाली,

"आता उजवा पाय हळूहळू वर उचला!"

आम्ही गोठलो.

"अजून वर. गुडघा ताठ. धरून ठेवा. पोट आत!"

काकांनी पाय उचलला. (त्यांच्या मते ते दचकल्यामुळे झालं. पण पोटही आत गेलं होतं.)

"तान्या, पाय खाली घे," दादा म्हणाले. "ही बाई आपल्या पार्टीतली नाही."

मिलिंद तारा तपासायला धावला. मी फोनवर धडाधड बोटं मारली. बाई म्हणत होती, "दहापर्यंत मोजा." तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारच्या सावंत वहिनी. गाऊनवर ओढणी, हातात फोन, चेहरा लालबुंद.

"विजयभावजी, माज्या फोनाचो आवाज तुमच्या घरात कसो इलो?"

"वहिनी, तुम्ही काय लावलंय?"

"गुडघ्याचो व्यायाम! माज्या हॉलातल्या टीव्हीर लावलंय. ह्यां बघा, हॉल लिवलेला आसा! मी पाय वर करून बसलंय, पुढचा काय ता ऐकाकच येना नाय!"

त्यांच्या फोनवर यादी होती आणि यादीत लिहिलं होतं: हॉल.

मिलिंदने हळूच विचारलं, "दाजी, वाय-फाय कोणाकोणाकडे आहे?"

"मजल्यावर," मी म्हणालो.

"कोणाच्या मजल्यावर?"

"संपूर्ण."

त्याने कपाळाला हात लावला. मुंबईत प्रत्येकाच्या घरात एक हॉल असतो. सव्वाशे फुटांचा असला तरी त्याला हॉलच म्हणतात. आठ घरांतल्या आठ जणांना त्या सकाळी आपल्या फोनवर 'हॉल' दिसला आणि प्रत्येकाला वाटलं, हा आपलाच.

वहिनींनी व्यायाम बंद केला आणि त्या तिथेच बसल्या. पोहे होते. मी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं, कारण काकांचा आग्रह होता की मधूनच ऐकणं म्हणजे लबाडी. ढोलकी, बेंजो, शांतता...

"शेअर घ्यायचा की विकायचा? मित्रांनो, घाबरू नका!"

हे कांबळ्यांचं. ते दोन मिनिटांत कानाला फोन लावून आले. त्यांना वाटत होतं, त्यांचा टीव्ही बिघडलाय. तिसऱ्या वेळी एक कार्टूनमधलं बदक आलं आणि पाठोपाठ दोन मुलांना घेऊन त्यांची आई. चौथ्या वेळी परेरा आंटींची प्रार्थना आली. ती मध्येच तोडायला मला धीर होईना. आम्ही सगळे उभे राहिलो. प्रार्थना संपली आणि आंटी स्वतः आल्या.

"व्हॉट इज धिस, विजय? मी घरात क्रॉससमोर बसले आणि आवाज तुझ्या घरी? मला वाटलं, मिरॅकल झाला!"

साडेअकरा वाजेपर्यंत मला ज्या पाच माणसांसमोर दादांचं नाव स्वच्छ करायचं होतं, त्यांची एकोणीस झाली होती. पोहे संपले. रंजनाने दुसरी कढई चढवली. प्रत्येक नव्या माणसाला तानाजी काका पन्नास वर्षांची हकिकत पहिल्यापासून सांगत होते आणि टणणण स्वतःच्या तोंडाने काढून दाखवत होते. मजल्यावर दोन तट पडले. कांबळे म्हणाले बोट घसरलं. सावंत वहिनी म्हणाल्या, "मांजरच ता! मांजराक काय कळता बेंजो?"

मिलिंद म्हणाला, नाव बदलायला यंत्र बंद करून सगळं पुन्हा करावं लागेल. काका म्हणाले, "आता काही बंद करायचं नाही. सगळ्यांनी आपापले फोन बंद करा!" सगळ्यांनी फोन बंद करून हात वर करून दाखवले. मिलिंदने मोजले. गाणं लावायला माझा एकट्याचा फोन चालू राहिला.

"विजू," दादा अगदी हळू म्हणाले, "पोहे खाऊन घे आधी. गार होतायत."

"ऐकून झाल्यावर, दादा."

मी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. या वेळी कोणी आलं नाही. येण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं. कडव्यामागून कडवं गेलं. मुलं बदक विसरली. परेरा आंटी ताल धरून पाय हलवत होत्या. मग वाद्यं थांबली. शांतता आली आणि त्या शांततेत एका लहान मुलाचा आवाज, काचेसारखा स्वच्छ:

"दादा, मी वाजवू?"

त्यावर दादांचा तरुण, घाबरलेला, दाबलेला आवाज: "अरे नको, विजू! विजू, नखी दे इकडे—"

टणणण!

आणि मग, लोकांच्या हसण्याच्या अर्धा क्षण आधी, तेच मूल. आनंदाने बेभान.

"वाजलं!"

हॉलमध्ये अठरा माणसं माझ्याकडे बघत होती. मांजर कुठल्या कुठे गेलं होतं. सावंत वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मिलिंद पुटपुटला, "काय डिटेल आलाय!"

तानाजी काकांनी आधी दादांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा दादांकडे.

"धोंड्या. हे पोर स्टेजवर होतं?"

"माझ्या मागे. सतरंजीवर बसवलं होतं," दादा म्हणाले. "याची आई पाळीवर होती. घरी ठेवणार कोणाकडे? तुझे डोळे मिटलेले. तू ढोलकी घेतलीस की तुला काही दिसायचं नाही."

"आणि पन्नास वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू याला तिथल्या तिथे ढोलकीसारखा वाजवला असतास. म्हटलं, चार दिवस जाऊ दे, मग सांगू. मग राहून गेलं. मग हा पेपरात लागला. लोकांच्या चुका काढायला लागला." दादांनी माझ्याकडे बघितलं. "म्हटलं, आता कशाला."

मग काका हसायला लागले. आधी गालात, मग पोटातून, मग सदऱ्याने डोळे पुसत. त्यांनी दादांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तसेच हसत राहिले. दादाही हसले. त्यांचा उरलेला एक दात मी बऱ्याच महिन्यांनी बघितला. दोघं मग एकमेकांच्या मांडीवर ठेका धरून तेच शेवटचं कडवं म्हणायला लागले, जे त्या दिवशी धड झालंच नव्हतं. दादांनी पेटीतून बेंजो काढला. नखी माझ्यापासून लांब ठेवली.

पौर्णिमेला काका खास बदलापूरहून आले. विहारात माईक घेतला, सगळ्यांना जयभीम घातला आणि म्हणाले, "पन्नास वर्षं मी एका निर्दोष माणसाला बोललो. माझं चुकलं." खूप टाळ्या पडल्या. माझ्या निवृत्तीच्या भाषणापेक्षा जास्त. मग त्यांनी माईक माझ्याकडे दिला. मीही तेच शेवटचे दोन शब्द बोललो. आवाज बारीक आला. मागून कोणीतरी ओरडलं, "वाजलं!"

स्ट्रीमरचं नाव मी बदललं. पासवर्ड बदलला नाही. रविवारी सकाळी मजल्यावरचे लोक अजूनही येतात. पहिल्या दोन स्ट्रीमरपैकी पांढरा मिलिंद घेऊन गेला. दुसरा अजून काही करत नाही.

राहिलं एकच काम. स्मरणिकेतल्या लेखात मी स्वतःला तापामुळे घरी ठेवलं होतं. (तो ताप मला नेमका कुठे भेटला, ते आता आठवत नाही. सूत्र मी स्वतःच होतो.) पेशाला जागून मी दुरुस्ती लिहिली आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर पासवर्डच्या खाली लावली.

'चुकीची दुरुस्ती: जयंती स्मरणिकेत प्रस्तुत लेखक सामन्याच्या वेळी घरी असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात प्रस्तुत लेखक (वय पाच) मंचावर उपस्थित होता व सदर टणणण त्यानेच केले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जायला निघालो तर दादा फळ्यासमोर उभे. चष्मा नाकावर, हातात बॉलपेन. त्यांनी 'पाच' हा शब्द खोडला होता आणि वर 'आठ' लिहिलं होतं.

"आठ होतास," ते म्हणाले. "पाचव्या वर्षी तुला अक्कल होती."